समोरच्या ओळीतली झाडं

आमच्या घरापुढचा रस्ता रुंद झाला, तेव्हा दोन्ही कडांच्या जुन्या चिंचा गेल्या. त्या कोणी लावल्या होत्या हे कोणालाच माहीत नव्हतं, म्हणून त्यांच्यासाठी भांडायलाही कोणी पुढे आलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात डांबर असं तापलं की दुपारी चपलेच्या तळाला चिकटून यायचं. आमच्या जिल्ह्यातला मे महिना ज्यांनी काढला आहे, त्यांना याहून जास्त सांगायला नको.

माझ्या मैत्रिणीचं घर रस्त्याच्या पलीकडे, आमच्या फाटकाच्या अगदी समोर. ती अल्लीपूरच्या शेतकऱ्याघरची, मी समुद्रपूरकडची. दोघींची लग्नं एकाच वर्षी झाली आणि दोघी या रस्त्यावर नांदायला आलो. तिच्या सासरी कापडाचं दुकान, माझ्या सासरी कृषी केंद्र. बी-बियाणं, खतं, फवारणीची औषधं. नव्या सुनांनी फाटकाबाहेर फार वेळ उभं राहिलेलं चालायचं नाही, म्हणून आम्ही वाळवणाच्या निमित्तानं गच्चीवरून गच्चीवर बोलायचो. पुढे मुलं झाली, सासवा थकल्या आणि आमचं बोलणं खाली रस्त्यावर उतरलं.

झाडांची गोष्ट तिनंच काढली. एका संध्याकाळी रस्त्यावर पाणी शिंपडून आम्ही दोघी फाटकाशी उभ्या होतो. शिंपडलेलं पाणी बघता बघता उडून जात होतं.

"अवं, असं किती वर्षं भाजत राहाचं?" ती म्हणाली. "आपणच लावू न झाडं."

"नगरपालिका लावन न कधीतरी."

"तवापर्यंत आपण म्हाताऱ्या होऊन जाऊ."

वनविभागाच्या रोपवाटिकेतून आम्ही ऑटोत घालून रोपं आणली. कडुनिंब, करंज आणि कोपऱ्यासाठी एक बहावा. रस्त्याची कड म्हणजे दाबून बसवलेला मुरूम, त्यात लोखंडी सब्बल मारली की ठिणगी उडायची. खड्डे खणायला मजूर लावले, पण भरायला आम्ही दोघीच होतो. तिच्या भावानं अल्लीपूरहून ट्रॉलीभर काळी माती आणि शेणखत पाठवलं. प्रत्येक रोपाला बोराटीचं काटेरी कुंपण केलं, तरी बकऱ्या मान वाकडी करून शेंडा खायच्याच. मग तिनं जुन्या साड्या फाडून कुंपणाला आतून गुंडाळल्या. आमचा रस्ता काही दिवस असा दिसायचा, की जणू कोणी दोन्ही बाजूंना बायकांच्या रांगा उभ्या केल्यात. लोक हसायचे. आम्हीही हसायचो.

उन्हाळ्यात नळ एक दिवसाआड यायचा, कधी तोही चुकायचा. बुडाला बारीक भोक पाडलेली मडकी आम्ही प्रत्येक रोपाच्या बाजूला मातीत पुरली. ती भरून ठेवली की पाणी हळूहळू मुळाशी झिरपत राहायचं. सकाळी ती भरायची, संध्याकाळी मी. दोघींपैकी एक माहेरी गेली तर दुसरी दोन्ही वेळा करायची. कोणतं झाड कोणाचं, असं आमच्यात कधी ठरलंच नाही. तिच्या दारासमोरचा कडुनिंब मी लावलेला होता, माझ्या दारासमोरचा तिनं.

झाड लावण्यापेक्षा सांभाळणं किती मोठं काम असतं, ते आम्हाला नंतर कळलं. निवडणुका आल्या की खोडांवर पाट्या ठोकल्या जात. पाट्या निघाल्या तरी खिळे राहायचे, ते आम्ही पकडीनं उपटायचो. वीज मंडळाची माणसं तारांखालच्या फांद्या तोडायला आली की आमच्यातली एक चहा करायची आणि दुसरी खाली उभी राहून सांगायची, की दादा, अर्ध्यावर नका मोडू, बुडाशी नीट कापा. नगरपालिकेनं मध्ये कधीतरी लोखंडी जाळ्या दिल्या. झाडं जाड झाली तशा त्या जाळ्या सालीत रुतायला लागल्या, मग माझ्या दुकानातली करवत आणून आम्हीच त्या कापल्या. तिच्या अंगठ्यावर त्या वेळचा व्रण आहे.

एकदा कडेला सिमेंटचे ब्लॉक बसवायचं काम निघालं. ठेकेदाराची माणसं थेट खोडाला ब्लॉक भिडवू लागली. मी त्यांना समजावत होते, की खोड अजून वाढणार आहे, मुळांना पाणी जायला जागा ठेवा. ते मान डोलवत होते आणि ब्लॉक मांडत होते. एवढ्यात माझी मैत्रीण मेथीची जुडी आणि ताट घेऊन बाहेर आली. पुढच्या झाडाच्या आळ्यात जाऊन बसली, पाय पसरले आणि मेथी निवडू लागली.

"बाई, उठा न, काम थांबलं," त्यातला एक म्हणाला.

"मी नाई उठत. माह्या पायावर बसवा तुमचे ब्लॉक."

तिनं आवाज जरासुद्धा चढवला नाही. मेथी संपली तेव्हा मी घरून लसूण आणून दिला, मग ती लसूण सोलत बसली. दिवस कलता कलता ठेकेदार स्वतः आला आणि प्रत्येक झाडाभोवती मातीचा चौकोन सोडायचं कबूल करून गेला. तिचे सासरे नंतर तिला बरंच बोलले म्हणे. मला तिनं त्यातलं काही सांगितलं नाही, मला ते तिच्या जावेकडून कळलं.

झाडं मोठी झाली. आमच्या रस्त्यावर इस्त्रीवाला आला, भाजीच्या गाड्या थांबू लागल्या, शाळेच्या ऑटोवाल्यांनी दुपारची झोप इथं हलवली. चैत्रात कडुनिंब फुलला की गच्चीवर पांढरा बारीक सडा पडायचा. माझी मुलगी लग्न होऊन पुण्याला गेली. मैत्रिणीच्या दोन्ही मुलांनी शिक्षण संपवून गावातच राहायचं ठरवलं. थोरला माझ्याच घरी जेवून मोठा झालेला; माझ्या हातचं वांग्याचं भरीत त्याला त्याच्या आईपेक्षा जास्त आवडायचं.

त्या थोरल्यानं त्यांच्या घराच्या खालच्या मजल्यावर दुचाकींची शोरूम काढायचं ठरवलं. भिंत पाडून रस्त्याच्या बाजूनं मोठी काच बसवली. एकदा मला म्हणाला, "काकू, तुमच्या झाडाईच्या मागं माही काच दिसतच नाई रस्त्यावरून."

"सावलीत लोकं जास्त वेळ थांबतीन बाबा, गाडी पाहतीन," मी म्हटलं.

तो हसला. माझ्यासाठी तो विषय तिथंच संपला.

आदल्या वर्षी नागपूरला माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. माझी मुलगी येऊन पोहोचेपर्यंत दवाखान्यात माझ्याजवळ माझी ही मैत्रीणच होती. बेडपॅन देण्यापासून केस विंचरून देण्यापर्यंत सगळं तिनं केलं. तिथंच तिनं सांगितलं, की ती गिरडच्या बाबाला नवस बोलली आहे. मी माझ्या पायांनी टेकडी चढू शकले की दोघींनी मिळून चादर चढवायची. आमच्याकडे गिरडचा दर्गा सगळ्यांचाच. माझ्या सासूबाईही दरवर्षी जायच्या.

चैत्रातल्या एका संध्याकाळी ती आली आणि म्हणाली, "उद्या गिरडले जाऊ."

"पुढच्या आठवड्यात जाऊ न. उद्या दुकानात मालाची गाडी येणार आहे."

"नाई, उद्याच. घरची गाडी मोकळी आहे, मंग नाई भेटणार. तू काही करू नोको, डबा मी आणतो."

आमचे हे बाजूलाच पेपर वाचत बसले होते. ते म्हणाले, "जा न. मालाचं मी पाहून घेईन." माल उतरवताना मी नसले तर त्यांची चिडचिड होते, हे मला माहीत होतं. तरी मला तेव्हा काही वाटलं नाही. उलट बरं वाटलं.

तो दिवस फार चांगला गेला. हे लिहिताना मला अजूनही त्रास होतो, पण चांगला गेला. टेकडी चढताना तिनं माझा हात एकदाही सोडला नाही. मी दमले की ती स्वतः दमल्यासारखं करून थांबायची, म्हणजे मला कमीपणा वाटू नये. वर चादर चढवली, साखर-फुटाणे वाटले. तिथं सुपारीसारखे गोल दगड सापडतात, ते वेचत आम्ही शाळकरी पोरींसारख्या हिंडलो. खाली उतरून झाडाखाली डबा उघडला, तर त्यात पोळ्या, पाटवडी, कैरीचा ठेचा असं सगळं माझ्या आवडीचं होतं. जेवताना ती जुन्या गोष्टी काढत होती. सासू, गच्ची, साड्या गुंडाळलेली कुंपणं. मध्येच म्हणाली, "तू नसती त मी या गावात टिकली नसती."

मी म्हटलं, "आज काय झालं तुले?"

"काही नाई. बोलावंसं वाटलं."

परत येताना जाम गावच्या चौरस्त्यावर चहाला थांबलो. चहा झाला तरी ती उठेना, तिनं आणखी एक मागवला. मग म्हणाली, संत्री घेऊ. हायवेच्या कडेच्या ढिगापुढे उभी राहून ती एकेक संत्रं हातात घेऊन दाबून बघत होती. घरी बाजार करताना ती कधी असं निवडत नाही. तेवढ्यात तिचा फोन वाजला.

"हाव… जामवरच आहो… नाई नाई, झालं की सांग मंग."

"कोण होतं?"

"पोट्टा. जेवाचं विचारून राह्यला."

आमच्या रस्त्याच्या वळणाशी गाडी आली तेव्हा ऊन उतरलं होतं. मला आधी वाटलं, ड्रायव्हरनं चुकून दुसऱ्या रस्त्यावर घेतली. समोर नको तेवढं आभाळ दिसत होतं. मग मला काच दिसली. ती लांबलचक काच, तिच्यामागे ओळीनं उभ्या गाड्या, वर लाल अक्षरांची पाटी, सगळं स्वच्छ दिसत होतं. समोरच्या ओळीतले तिन्ही कडुनिंब आणि कोपऱ्यावरचा बहावा नव्हते. लाकडं उचलून नेलेली होती. रस्ताभर भुसा आणि चेंगरलेला पाला पडला होता आणि त्या सगळ्यात कडुनिंबाच्या फुलांचा वास भरून राहिला होता. एक कावळी तारेवर बसून सारखी ओरडत होती.

मी दार उघडून उतरले. मला वाटलं, तीही माझ्याबरोबर उतरेल, पोरावर ओरडेल, काहीतरी करेल. ती उतरली नाही. मी वळून पाहिलं तर ती मागच्या सीटवर संत्र्यांची पिशवी मांडीवर घेऊन बसली होती आणि पिशवीकडेच बघत होती.

तेव्हा मला कळलं. तिला काही सांगावं लागलं नाही.

"तुले माहीत होतं?" मी विचारलं.

"घरात चाल. लोकं पाहून राह्यले."

मी घरात गेले. हे स्वयंपाकघरात होते. त्यांनी गॅसवर चहाचं पातेलं ठेवलं होतं. संसाराच्या एवढ्या वर्षांत त्यांनी मी आजारी असतानाही कधी चहा केला नव्हता.

"तुमालेही माहीत होतं," मी म्हटलं.

त्यांनी गॅस बंद केला. मग म्हणाले, "पोरगा येऊन बोलला होता मले. परवानगी काढलेली होती त्यानं, मी नाई म्हणून काय थांबलं असतं? मले वाटलं, तिनं तुले रस्त्यात सांगितलं असन."

त्यांना खरंच तसं वाटलं होतं की नाही, हे मला आजही माहीत नाही. मी चहा प्यायले नाही. झोपायच्या खोलीत जाऊन बसले आणि दिवसभराचा एकेक क्षण उलटून बघू लागले. पाटवडी कशासाठी केली होती? हात का सोडला नाही? दुसरा चहा, संत्री, फोन, हे तर आता सरळ दिसत होतं. पण "तू नसती त मी टिकली नसती" हे वाक्य कुठं ठेवायचं ते मला समजेना.

दुसऱ्या दिवशी ती दुपारी आली. रडून आलेली दिसत होती. मी तिला बस म्हटलं नाही, ती स्वतःच दिवाणाच्या कडेला टेकली.

"पोराचा सगळा जीव त्या दुकानात आहे," ती म्हणाली. "रोज तेच भांडण घरात. मी किती दिवस अडवलं असतं?"

"तू अडवू नसती शकली, ते समजतं मले. मले सांगायचं होतं."

"सांगितलं असतं त तू आळ्यात जाऊन बसली असती."

"हाव. बसली असती."

"मंग? पोट्ट्यानं पोलीस बोलावले असते. या वयात, त्या गुडघ्यानं, लोकांसमोर तुले उचलून नेलं असतं. ते पाहाचं होतं का म्या? तुह्यासाठीच तुले घेऊन गेली मी."

"माह्यासाठी."

"हाव. अन् तुह्या बाजूचेही दोन जाणार होते, वळणावरून बोर्ड दिसत नव्हता म्हणून. ते मी राखले. पोराच्या पाया पडली मी त्यासाठी. तुह्ये झाडं राखले."

"माह्ये कोणचे अन् तुह्ये कोणचे?" मी विचारलं.

तिच्या दारासमोरचा कापलेला कडुनिंब माझ्या हातचा होता, हे तिच्याइतकं कोणाला माहीत असणार?

मला आणखी एकच विचारायचं होतं आणि ते विचारायची मला भीती वाटत होती. "नवस खरा होता का?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. त्या दोन दिवसांत पहिल्यांदाच सरळ पाहिलं. "नवस खरा होता. दिवस पोट्ट्यानं ठरवला."

मी तिच्यावर विश्वास ठेवला का? ठेवला. पण त्यानं काही बरं वाटलं नाही. नवस खोटा असता तर मला तिच्यावर नुसतं रागावता आलं असतं. दवाखान्यात माझे केस विंचरणारा हात आणि जामच्या ढिगापाशी वेळ काढत संत्री दाबणारा हात एकच होता. त्यातला एक मानून दुसरा टाकून देणं मला जमत नाही.

मुलीला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "आई, झाडंच होती ना. एवढ्या वर्षांची मैत्री त्यापायी तोडू नको." मी तिला समजावायच्या भानगडीत पडले नाही. माझं दुःख झाडांचं होतंच, पण निदान ती कापली जाताना मी तिथं असते तर ते दुःख तरी माझं राहिलं असतं. मला तिथं असूच दिलं नाही. मी टेकडीवर दगड वेचत हसत होते, तेव्हा इकडे करवत चालू होती. माझ्या घरातल्या माणसापासून ड्रायव्हरपर्यंत सगळ्यांना ते माहीत होतं, आणि सगळे माझ्याशी गोड वागत होते.

शोरूमच्या पूजेला हे गेले, मी गेले नाही. पेढ्यांचा डबा आला, तो मी मोलकरणीला दिला. हळदीकुंकवाला आम्ही एकमेकींना टाळत नाही. ती मला कुंकू लावते, मी तिला लावते. बाहेरच्या कोणाला काही वेगळं वाटणार नाही. फक्त रस्ता ओलांडून आम्ही जात नाही.

पावसाळ्यात शोरूमपुढे नवी झाडं आली. ब्लॉकमध्ये वीतभर चौकोन ठेवून त्यात शोभेचे उंच सडपातळ पाम बसवले. काच झाकणार नाहीत असे. नगरपालिकेची माणसं आणि थोरला मुलगा उभे राहिले, नारळ फोडला. मला बोलावणं होतं. मी फाटकातूनच पाहिलं.

त्यानंतरचा उन्हाळा कडक निघाला. आमच्या बाजूला एक करंज वाळला होता, त्या जागी मी नवं रोप लावलं होतं आणि संध्याकाळी त्याला पाणी घालत होते. ती रस्ता ओलांडून आली. बऱ्याच महिन्यांनी आली. माझ्या रोपाकडे पाहत थोडा वेळ उभी राहिली.

"तिकडचे वाळून राह्यले," ती म्हणाली.

"दिसतात मले."

"पोराले फुरसत नसते, नोकर लक्ष देत नाई." मग थांबून म्हणाली, "तू पाणी टाकत नाई तिकडं?"

"नाई."

"मले वाटलं, तू टाकशीन."

"काऊन वाटलं?"

मी बादलीतलं उरलेलं पाणी माझ्या रोपाला ओतलं. ती परत गेली आणि थोड्या वेळानं तिच्या घरून बादली भरून बाहेर आली. कमरेवर हात ठेवून, वाकून, एकेका पामला ओतू लागली. पाणी कसं द्यायचं ते तिला चांगलं येतं, तिच्याकडूनच मी शिकले. पण त्या चौकोनांत पाणी मुरेल एवढी मातीच नव्हती. ते ब्लॉकवरून ओघळून रस्त्यावर आलं. ती तरीही दुसरी बादली आणायला आत गेली.

मी फाटक लावून घेतलं आणि घरात आले.